झाडीपट्टीत दर्या: समुद्रावरच्या वैऱ्यांची प्रेमकथा लिहिताना आणि बसवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भात रात्रभर नाटकं चालतात त्या पट्ट्यातल्या वडसा, ब्रह्मपुरी, आरमोरी, लाखांदूर या भागातल्या नाट्यमंडळांकडून आणि नव्या लेखकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी कथेचे, मग पाण्याचे, मग मंचाचे आणि शेवटी अडचणीचे. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ आला, तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वैऱ्यांची समुद्री प्रेमकथा म्हणजे नेमकं काय? साध्या प्रेमकथेहून ती वेगळी कशी?

दोघं दोन बाजूंची, गाठ पडते ती समुद्रामुळे, आणि गाठ पडल्यावर दोघांनाही तिथून उठून जाता येत नाही. या शेवटच्या गोष्टीवर सगळं नाटक उभं राहतं. गावातल्या प्रेमकथेत रागावलेली नायिका माहेरी जाते. गलबतावरून ती जाणार कुठे?

वैर मात्र हिशोबाचं हवं. पकडलेलं जहाज, थकलेली खंडणी, मारला गेलेला भाऊ, मोडलेला तह असं बोट ठेवता येईल असं कारण पाहिजे. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक संहिता इथेच लंगड्या पडतात. त्यांतलं वैर गैरसमजाचं असतं. तिसऱ्या अंकात एक चिठ्ठी सापडते आणि सगळं मिटतं. चिठ्ठीनं मिटणारं वैर रात्रभर पुरत नाही. पहाटे चारला प्रेक्षक जागा ठेवायचा, तर वैर शेवटपर्यंत खरं राहिलं पाहिजे आणि प्रेमाची किंमत कुणीतरी मोजली पाहिजे.

२. आमच्या गावात समुद्र कोनी पाह्यलाच नाही. मंग हे नाटक लोकायले पटन काहून?

नाव आणि पाणी आपल्याकडे नवं नाही. वैनगंगेच्या काठावर डोंगा सगळ्यांनी पाहिलेला आहे. पुरात पलीकडचा काठ दिसेनासा होतो तेही पाहिलेलं आहे. समुद्राचं नवेपण तीनच गोष्टींत सांगायचं: पाणी खारट, काठ नाही, आणि पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं. पहिल्या प्रवेशात या तिन्ही गोष्टी एखाद्या नवख्या खलाशाच्या तोंडून येऊ द्या.

दुसरं म्हणजे विदर्भाला किनारा होता. १७५१ साली बंगालच्या नवाबाशी, अलिवर्दीखानाशी तह झाला, त्यात ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली. कटक, पुरी, बालेश्वर हा पट्टा १८०३ पर्यंत नागपूरच्या अमलाखाली होता. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांनी पुरी, बालेश्वर आणि कटक घेतलं. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावला लढाई झाली, १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरच्या देवगावच्या तहात कटक प्रांत लिहून द्यावा लागला. नागपूरचा एखादा कारकून बालेश्वरच्या बंदरावर नेमलेला आहे आणि समोर कंपनीचं जहाज नांगरलेलं आहे, हा प्रसंग कल्पित असला तरी इतिहासाला धरून आहे. यावर अजून फारसं कुणी लिहिलेलं दिसत नाही, म्हणून आम्ही तो आवर्जून सुचवतो.

३. काळ कोणता घ्यावा? शिवकाळ की आंग्र्यांचा?

शिवकाळ घ्यायचा तर १६७९ ची खांदेरी. मुंबईच्या तोंडावरच्या बेटावर मराठे किल्ला बांधायला लागले, इंग्रजांनी आणि पुढे सिद्दीनं वाट अडवली. थळच्या किनाऱ्यावरून लहान होड्या रात्री उथळ पाण्यातून दाणागोटा नेत. मोठ्या जहाजांना तिथं शिरता येत नसे. १८ ऑक्टोबरच्या चकमकीत इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं. पुढे जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासिम शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला. दोन बेटं समोरासमोर, दोन्हीवर तोफा, मध्ये अरुंद पाणी. यापेक्षा चांगला मंच इतिहास काय देणार? एका बाजूला खांदेरी, दुसऱ्या बाजूला उंदेरी, प्रेक्षकांना दोन्ही एकदम दिसतात.

आंग्र्यांचा काळ अधिक ऐसपैस आहे. १७१७ ते १७२१ दरम्यान इंग्रजांनी विजयदुर्ग, खांदेरी, कुलाबा यांवर एकापाठोपाठ एक चढाया केल्या; १७२१ ला तर पोर्तुगीजांना सोबत घेतलं. कान्होजी आंग्रे १७२९ ला वारले तोवर यातला एकही किल्ला पडला नाही. पराभूत होऊन परतणारा शत्रू, त्याचे मागे राहिलेले जखमी, कैद्यांची अदलाबदल असं सगळं साहित्य तिथं तयार आहे.

तिसरा पर्याय १७५६ चा, तो पुढच्या उत्तरात.

४. नायक-नायिका दोघंही मराठी बोलणारे वैरी असू शकतात का? परकी भाषा आमच्या कलाकारांना झेपत नाही.

असू शकतात, आणि झाडीपट्टीसाठी आमची पहिली पसंती हीच. कान्होजींचे पुत्र सेखोजी आंग्रे १७३३ ला गेल्यावर भावांत फूट पडली. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे, आणि दोघांची गलबतं एकमेकांवर चालून जाऊ लागली. भावकीचं वैर काय असतं, हे आपल्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागत नाही. धुऱ्यावरून तीन पिढ्या न बोलणारी घरं प्रत्येक गावात आहेत.

१७५६ चं वैर याहून धारदार. तुळाजी आंग्र्यांवर पेशव्यांनीच इंग्रजांना सोबत घेऊन मोहीम काढली. १७५५ ला सुवर्णदुर्ग गेला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर आले आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज. इंग्रजांकडून आंग्र्यांनी आधी पकडलेलं ‘रिस्टोरेशन’ हे जहाज तिथंच बांधलेलं होतं. त्यावर तोफेचा गोळा पडून आग लागली आणि एकमेकांना बांधून ठेवलेलं सगळं आरमार जळालं. पेशव्यांच्या गोटातला तरुण आणि विजयदुर्गातली मुलगी ही जोडी घेतली, तर दोघंही मराठी आणि दोघांचं दैवत एकच. ‘आपलीच माणसं आपल्यावर का चालून आली’ हा प्रश्न मंचावर आपोआप उभा राहतो.

५. आंग्र्यांना चाचे म्हणायचं का? इंग्रजी पुस्तकांत तसंच असतं.

बोलणारा कोण यावर ठरवा. मुंबईचा इंग्रज त्यांना चाचाच म्हणेल. कुलाब्याचा शिपाई ‘सरखेल’ म्हणेल, म्हणजे आरमाराचा प्रमुख. तो छत्रपतींनी दिलेला हुद्दा होता. भांडण होतं दस्तकाचं, म्हणजे परवान्याचं. आंग्र्यांचं म्हणणं असं, की आमच्या पाण्यातून माल न्यायचा तर आमचं दस्तक घ्या. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच ‘कार्ताझ’च्या नावानं करत होते. इंग्रजांनी मात्र आपल्या व्यापाऱ्यांना हे दस्तक घेऊ दिलं नाही.

म्हणून नाटकात दस्तक हा कागद प्रत्यक्ष दाखवा. ते कुणाकडे आहे, कुणी फाडलं, कुणाच्या नावावर आहे, यातून एक अख्खा अंक निघतो. नायिकेच्या बापाचं दस्तक नायकानंच नाकारलं होतं, एवढं एक कलम पुरेसं आहे.

६. गुराब, गलबत, मचवा यात फरक काय? संवादात सगळीकडे ‘जहाज’ लिहिलं तर चालतं ना?

प्रेक्षकाला चालेल, लेखकाला नाही. कारण कोणत्या नावेवर प्रसंग आहे यावर त्यात काय घडू शकतं ते ठरतं.

गुराब मोठी: दोन किंवा तीन डोलकाठ्या, दोन काठ्यांची साधारण दीडशे टनांची, तीन काठ्यांची तीनशेच्या आसपास. पुढचा भाग, म्हणजे नाळ, लांब आणि खाली झुकलेली. तिथून पुढे तोंड करून दोन मोठ्या तोफा. गलबत लहान आणि चपळ: सत्तर टनांच्या आत, चाळीस-पन्नास वल्ही, हलक्या तोफा. वारा पडला की गलबतं दोर बांधून गुराबेला ओढत नेत. मचवा किनाऱ्यालगत माल आणि माणसं नेण्यासाठी.

हल्ल्याची रीत यातूनच आली. तोफा पुढे असल्यामुळे शत्रूच्या जहाजाच्या मागून चालून जायचं, त्याची शिडं आणि डोलकाठ्या फोडायच्या, त्याला वळता येईना झालं की गलबतांतून माणसं वर चढवायची. युरोपी जहाजात अधिकारी आणि प्रवासी यांच्या खोल्या मागच्याच बाजूला असत. म्हणजे चालून येणारा नायक आधी दिसतो तो मागच्या खिडकीत उभ्या असलेल्या नायिकेला, कप्तानाच्याही आधी. पहिली नजरभेट इथं ठेवा. त्यासाठी काही ओढूनताणून आणावं लागत नाही.

७. लढाऊ जहाजावर बाई येईलच कशी?

लढाऊ गुराबेवर बाई ठेवू नका. प्रवासी म्हणून येते: कंपनीच्या नोकराची बायको, बहीण, विधवा, व्यापाऱ्याचं कुटुंब, हजला निघालेल्या जहाजावरची यात्रेकरू. किल्ल्यात तर बायका असतातच, त्यामुळे उलटं करा. नायक कैदी म्हणून किल्ल्यात येतो आणि नायिका तिथली आहे. पुरुषाचा वेश घेतलेली नायिका झाडीपट्टीत टाळ्या घेते हे मान्य. पण चाळीस वल्हेकऱ्यांच्या गलबतात आडोसाच नसतो. ती एका रात्रीपुरतीच ठेवा.

८. नायकानं नायिकेला कैद केलं आणि मग ती त्याच्या प्रेमात पडली, असं दाखवलं तर लोक नाराज होतील का?

व्हायलाच पाहिजेत. ज्याच्या हातात किल्ली आहे त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि ‘नाही’ म्हणता येत नसेल तिथं ‘हो’ला किंमत नाही. मंचावर हे लगेच कळतं, विशेषतः समोर बसलेल्या बायकांना.

उपाय तीन आहेत. पहिला, कैदी पुरुष असू द्या (प्रश्न ७). दुसरा, दोघंही तिसऱ्याच्या कैदेत असू द्या: सिद्दीनं दोन्ही बाजूंची माणसं पकडली आहेत आणि दोघांना एकाच कोठडीची भिंत आहे. तिसरा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत चांगला. कैदेत प्रेमाचा एकही शब्द नको. तिची खंडणी भरली जाते, ती सुटते, आपल्या माणसांत पोचते, आणि आता कुणाची जबरदस्ती नसताना ती काय करते ते दाखवा. परत येते, चिठ्ठी पाठवते, की फक्त त्याच्या बाजूच्या एका कैद्याला पळून जाऊ देते. दुसऱ्या अंकाचा पडदा तिच्या सुटकेवर पाडला, तर तिसऱ्या अंकाला कुणी हलत नाही.

कैदेच्या प्रवेशात नायकाचा चांगुलपणा भाषणातून दाखवू नका. पाण्याची घागर आत ठेवून तो दार बाहेरून न लावता निघून जातो, एवढं एक काम पुरतं.

९. आंग्र्यांनी एका इंग्रज बाईला पकडलं होतं ही गोष्ट खरी का? त्यावरच नाटक करता येईल का?

गोष्ट खरी. नोव्हेंबर १७१२ मध्ये कारवारहून मुंबईला येणाऱ्या जहाजांवर आंग्र्यांच्या आरमारानं हल्ला केला. मुंबईच्या गव्हर्नरची ‘ॲन’ ही नौका हाती लागली. तिच्यावर टॉमस चाऊन हा कंपनीचा नोकर आणि त्याची तरुण बायको कॅथरिन होती. गोळ्यानं चाऊनचा हात गेला आणि तो तिथंच मेला. ती आधीच एकदा विधवा झालेली. हा तिचा दुसरा नवरा. तिला कुलाब्याला ठेवलं गेलं. १७१३ च्या फेब्रुवारीत तह झाला, ३०,००० रुपये खंडणी मोजून सगळे इंग्रज कैदी सोडवून नेले. पुढे तिनं केरळातल्या अंजेंगोच्या इंग्रज ठाण्याचा मुख्य अधिकारी विल्यम गिफर्ड याच्याशी लग्न केलं आणि तोही १७२१ ला आट्टिंगलच्या कत्तलीत मारला गेला.

यातून प्रसंग घ्या, नावं घेऊ नका. नवऱ्याचं रक्त अंगावर असलेल्या बाईचं तीन महिन्यांत सरखेलांवर प्रेम बसवणं हे तिच्यावरही अन्यायाचं आणि त्यांच्यावरही. खंडणीची वाटाघाट, तहाची कलमं, बंदरावर कैदी मोजून घेणारा लेफ्टनंट हे सगळं मात्र जसंच्या तसं वापरता येतं.

१०. भरती-ओहोटीची वेळ कशी ठरवायची? संहितेत ‘मध्यरात्री ओहोटी’ लिहिलं तर कोण तपासणार आहे?

पुण्या-मुंबईचा एखादा प्रेक्षक तपासेलच, पण मुद्दा तो नाही. भरती-ओहोटी हे तुमच्या नाटकातलं फुकटचं घड्याळ आहे. ते खरं ठेवलं तर ताण आपोआप येतो.

कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. दुपारी तीनला आणि रात्री तीनला भरती. अष्टमीला सहा आणि सहा. शुक्ल असो की वद्य, तिथी एकपासूनच मोजायची. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा निघतात. प्रत्यक्षात बाराच्या सुमारास धरा. जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

आता सगळ्यात जास्त संहितांत दिसणारी चूक पाहा. अलिबागचा कुलाबा किल्ला ओहोटीला पायी गाठता येतो. लेखक लिहितो: ‘पौर्णिमेची मध्यरात्र. नायिका ओहोटीच्या वाळूतून किल्ल्याकडे धावते.’ पौर्णिमेला मध्यरात्री भरती असते, तीही उधाणाची, वर्षातल्या मोठ्या भरत्यांपैकी. नायिका बुडाली.

मध्यरात्रच हवी असेल तर अष्टमी घ्या. तेव्हा ओहोटी बाराला येते. पण अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमीच उतरतं. वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही, तिला गुडघा-मांडीभर पाण्यातून जावं लागेल. हेही वाईट नाही.

चांदणं आणि कोरडी वाट दोन्ही हवी असतील तर पौर्णिमेची संध्याकाळ. सहाच्या सुमारास पाणी खूप दूर गेलेलं. किल्ला पश्चिमेला, त्याच्यामागे सूर्य बुडतो आहे. पाठीमागे जमिनीच्या बाजूनं चंद्र वर येतो आहे. किल्ल्यात जाऊन परत यायला नायिकेकडे दोन-अडीच तास आहेत, आणि पाणी वळलेलं आहे. संवाद जितका लांबेल तितकी परतीची वाट अरुंद होते. बाजूला उभा असलेला म्हातारा कोळी मध्येच फक्त ‘घोटा’, ‘गुडघा’, ‘कंबर’ म्हणतो.

११. भर पावसात तुफानात पाठलाग दाखवायचा आहे. चालेल?

आषाढ-श्रावणात नाही. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरची लहान जहाजं खाडीत आणून ठेवत किंवा काठावर ओढून घेत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की हंगाम उघडायचा. तुफान हवंच असेल तर वैशाखाच्या शेवटी किंवा ज्येष्ठात अवचित आलेलं दाखवा. ‘एवढी एक खेप करून मग गलबत ओढू’ म्हणणारा लोभी व्यापारी असला, की कारणही मिळतं. दिवाळीच्या अलीकडचं वादळही चालतं.

पावसाळ्याचे चार महिने मात्र प्रेमकथेसाठी सोनं आहेत. युद्ध बंद, जहाजं बंद, खंडणी घेऊन येणारं गलबतही बंद. कैदी ज्येष्ठात आला तर त्याला नारळी पौर्णिमेपर्यंत कुणी सोडवायला येत नाही. दोन वैऱ्यांना एका किल्ल्यात दोन-अडीच महिने ठेवायला यापेक्षा सरळ कारण नाही.

रोजचा वाराही लक्षात ठेवा. हिवाळ्या-उन्हाळ्यात दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे. पळून जाणारी जोडी पहाटेच्या आधी शीड उघडेल. तोच वारा तिला बाहेर नेतो. दुपारी पळायला निघाली तर वाराच तिला परत काठावर आणून घालेल.

१२. पाठलाग किती वेळ चालतो? आमच्या दिग्दर्शकाला तो दोन मिनिटांत संपवायचा आहे.

समुद्रावरचा पाठलाग म्हणजे शंकरपट नव्हे. माणूस पाण्यापासून तीन मीटर उंचीवर उभा असेल तर त्याला क्षितिज सहा-सव्वासहा किलोमीटरवर दिसतं. बारा मीटर उंच डोलकाठीवर चढलेल्याला बारा किलोमीटरवर. समोरच्या जहाजाची शिडं आधी दिसतात, अंग नंतर. पाठलाग करणारा ताशी दोन-तीन किलोमीटरनं जास्त वेगाचा असला, तरी बारा किलोमीटर तोडायला चार ते सहा तास लागतात.

एवढा वेळ दोन्ही नावांवर माणसं एकमेकांकडे बघत बसलेली असतात. जेवतात, तोफा पुसतात, देवाचं नाव घेतात. तुमचा सगळ्यात चांगला संवाद इथं येऊ शकतो. दिग्दर्शकाला सांगा: लढाई दोन मिनिटांत संपवा, पाठलागाला वीस द्या.

१३. मंचावर जहाज कसं उभं करायचं? खर्च कमीत कमी हवा.

आधी मांडवाची उंची मोजा. डोलकाठी आधी आणून मग ती मांडवात मावत नाही, हे दर हंगामात कुठंतरी होतंच.

डेक: सहा बाय तीन फुटांचे चार तखत, दोन-दोन लांबीला जोडून बारा बाय सहा फूट. उंची दीड फूट. पाय एकमेकांना दोरीनं नाही, आडव्या बल्लीनं आणि खिळ्यांनी जोडा. दोरी दोन प्रवेशांत सैल होते आणि मधली फट रुंदावून कुणाचा तरी पाय अडकतो. नाळ पुढे तीन फूट निघालेली, दोन वाकवलेल्या बांबूंवर तरट लावून रंगवलेली. तिच्यामागे प्रॉम्प्टर बसतो.

डोलकाठी: जाड कटांग बांबू, जमिनीवर दहा फूट. ती तखताला बांधू नका. तखतांच्या फटीतून खाली मातीत दीड फूट गाडा आणि तीन बाजूंनी ताण द्या. मंच फळ्यांचा असेल तर मागच्या बल्लीला दोन ठिकाणी आवळा. तखताला बांधलेली काठी नटांच्या प्रत्येक उडीला थरथरते.

शीड: गलबताचं शीड तिरकं, त्रिकोणी असतं आणि वर चढवल्यावर त्याचं टोक डोलकाठीच्याही वर जातं. चौदा फुटांचा मानवेलाचा बांबू आडवा-तिरका बांधा, त्याला मांजरपाट. कापड पांढरंशुभ्र ठेवू नका, हॅलोजन लागला की नटांचे चेहरे काळे पडतात. पातळ गेरूच्या पाण्यात बुडवून वाळवा.

पाणी: निळ्या-हिरव्या सुती कापडाच्या वीस बाय तीन फुटांच्या दोन पट्ट्या, चार पोरं. दोन्ही पट्ट्या उलटसुलट हलवायच्या, एक वर तेव्हा दुसरी खाली. साटीन नको, ते चमकतं, पण लाट धरत नाही. तखतापासून दोन फूट अंतर ठेवा.

हेलकावा: तखत हलवू नका. डोलकाठीला एक कंदील टांगा (आत बॅटरीचा दिवा), त्याला काळा दोरा, आणि तो विंगेतून संथ लयीत ओढा. नटांनी चारच्या मोजणीवर वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचं, सगळ्यांनी एकदम. एक नट जरी चुकला तरी जहाज मोडतं, म्हणून याची तालीम संवादाआधी घ्या. जमलं तर एक सकाळ ढिवर बांधवांच्या डोंग्यावर उभं राहून काढा, पट्टीचा पोहणारा सोबत ठेवून. उभं कसं राहायचं ते पायांना तिथंच कळतं.

१४. लाटांचा आणि तोफेचा आवाज?

लाटांसाठी सूप. त्यात किलोभर कोरडी तूर घालून सावकाश एका बाजूनं दुसऱ्या बाजूला घरंगळवा, माइक फूटभर अंतरावर. धान घातलं तर आवाज मऊ येतो, शांत समुद्राला तो बरा. रेकॉर्डिंगपेक्षा हे चांगलं, कारण सूप हलवणारा नटाच्या श्वासाकडे बघून थांबू शकतो.

तोफेसाठी फटाके अजिबात नकोत. मांडव कापडाचा, खाली तणस, शेजारी जनरेटर. सहा इंची प्लास्टिकचा पाइप चार फूट लांब, काळा रंगवलेला. आत टाल्कम पावडर आणि मागून सायकलच्या पंपाचा झटका. त्याच क्षणी मोठ्या ढोलावर एकच टिपरू आणि अर्धा सेकंद सगळे दिवे बंद. एकदा उडालेली तोफ पुसून, भरून पुन्हा डागायला वेळ लागतो, तेव्हा एकाच तोफेनं लागोपाठ पाच बार काढू नका.

१५. इंग्रज पात्रानं मंचावर कोणती भाषा बोलावी?

‘टुम काला आडमी’ छापाची मराठी नको. ती आली की प्रेक्षक हसतो, आणि हसल्यावर तो त्या पात्राचं दुःख ऐकत नाही. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर परक्यांशी बोलण्याची चालती भाषा मोडकीतोडकी पोर्तुगीज होती, आणि मध्ये दुभाषी असे. हा दुभाषी पात्र म्हणून घ्या. पहिल्या अंकात दोघांचं बोलणं त्याच्यामार्फत होतं. तो थोडं गाळतो, थोडं पदरचं घालतो. दुसऱ्या अंकात ती तुटक मराठी बोलते. तिसऱ्यात दुभाषी मारला जातो आणि पहिल्यांदाच दोघांना एकमेकांचं खरं बोलणं ऐकावं लागतं.

१६. विनोदी पात्र आणि गाणी नसली तर आमच्याकडे तिकीट खपत नाही. या कथेत ती कुठे बसतात?

विनोद दुभाष्याकडे किंवा ‘मला पोहता येत नाही’ म्हणणाऱ्या घाटावरच्या कारकुनाकडे. तो नागपूरचा ठेवला आणि झाडी बोलीत बोलला की काम झालं. गाण्यांसाठी वल्ह्यांची लय वापरा: एक जण ओळ म्हणतो, बाकीचे ‘हैय्या हो’ म्हणत ओढतात. लावणी हवी तर ती बंदरावर, तहाच्या रात्री. समुद्राच्या मधोमध नाचणारीण उतरवू नका.

१७. लहानसहान चुका कोणत्या होतात?

डेकवर चहा, त्या काळच्या खलाशाच्या हातात चहा नाही. काडेपेटी; तिच्याऐवजी चकमक वापरा. दोन डोळ्यांची दुर्बीण. एका नळीची ठेवा, ती होती. ‘पाच मिनिटांत येतो’; घटका म्हणा, एक घटका चोवीस मिनिटांची. जंजिरा जिंकल्याचा प्रवेश; सिद्दीकडून जंजिरा मराठ्यांना कधीच घेता आला नाही. आणि वैर धर्माचं करून टाकणं: खांदेरीच्या लढाईत मराठी आरमाराच्या अधिकाऱ्यांत मायनाक भंडारी होते तसे दौलतखानही होते.

१८. खऱ्या सरदाराचं नाव नायकाला दिलं तर अडचण येईल का?

येऊ शकते, आणि कारण नसताना. मोठी नावं पार्श्वभूमीला ठेवा, त्यांचा हुकूम येऊ द्या. प्रेम मात्र कल्पित तांडेलानं, गोलंदाजानं किंवा कारकुनानं करावं. जाहीर प्रयोगाआधी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. दिवाळीनंतरचा पहिला प्रयोग धरला असेल तर संहिता पावसाळ्यातच पाठवा, आणि नंतर घातलेले प्रवेशही दाखवून घ्या.

१९. इंग्रजांच्या कागदातली तारीख आणि पंचांगातली तिथी जुळत नाही. चूक कुणाची?

कुणाचीच नाही. इंग्रज १७५२ पर्यंत जुनं कॅलेंडर वापरत. अठराव्या शतकात ते नव्यापेक्षा ११ दिवस मागे होतं. पोर्तुगीजांनी नवं १५८२ लाच घेतलेलं. म्हणजे एकाच दिवशी मुंबईच्या पत्रावर १ तारीख, तर वसईच्या पत्रावर १२. शिवाय इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं, त्यामुळे आपण फेब्रुवारी १७१३ म्हणतो ते त्यांच्या कागदावर फेब्रुवारी १७१२ असू शकतं.

भरती आणि चांदणं ठरवायचं असेल (प्रश्न १०) तर इंग्रजी तारखेत आधी ११ दिवस मिळवा, मग तिथी काढा. सतराव्या शतकातल्या, म्हणजे खांदेरीच्या तारखांना १० मिळवा. १७५६ च्या विजयदुर्गासाठी काहीच मिळवायचं नाही. या फरकाचा उपयोग कथेतही होतो: इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून हल्ल्याचा दिवस ठरवतात आणि दोघांचे कागद वेगळे असतात. तारीख कोणत्या हिशोबानं लिहिली आहे हे फक्त दुभाष्याला माहीत आहे, आणि तो अजून कुणाच्या बाजूला जायचं ते ठरवतो आहे.